निवडलेलें चित्र आणि टाकलेलीं चित्रें

कोणत्याहि कलेचा इतिहास लिहूं जातां लेखकाच्या हातीं बहुधा यशस्वी कृतीच लागतात. कवीनें फाडून टाकलेले कागद, शिल्पकाराच्या छिन्नीखालीं भंगलेले दगड, गवयानें रियाझांत घालविलेल्या रात्री ह्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. छायाचित्रणाची गोष्ट थोडी निराळी आहे. ह्या कलेंत फसलेल्या प्रयत्नांची मोजदाद करतां येते. धांवत्या घोड्याचें, सूर मारणाऱ्या पक्ष्याचें किंवा फटका मारणाऱ्या फलंदाजाचें एक चांगलें चित्र मिळविण्यासाठीं छायाचित्रकाराला किती वेळां कळ दाबावी लागते, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ धंद्याचा व खर्चाचा वाटतो. परंतु त्याचा माग काढीत गेलें म्हणजे तो इतिहासाच्या अभ्यासकालाहि गुंतवून ठेवतो, असें आम्हांस वाटतें. कारण आपण ज्या चित्राला पुरावा म्हणतों तें अनेकांतून निवडलेलें असतें. आणि निवड आली कीं निवडणारा आला.

आरंभीं हा प्रश्न उद्भवतच नव्हता. इ. स. १८२६-२७ च्या सुमारास निसेफोर न्येप्स ह्यानें आपल्या खिडकींतून दिसणाऱ्या देखाव्याचें जें चित्र घेतलें, त्याला कित्येक तास प्रकाश द्यावा लागला. पुढें १८३८ सालीं दागेर ह्यानें पॅरिसमधील बुलव्हार द्यु ताँप्ल ह्या रस्त्याचें चित्र घेतलें. रस्ता वाहता होता. पण गाड्या, घोडे आणि पादचारी ह्यांपैकीं कशाचाच मागमूस त्या चित्रांत राहिला नाहीं. ओळखूं येतो तो फक्त बूट साफ करून घेण्यासाठीं थांबलेला एक मनुष्य. जें हाललें तें पुसलें गेलें, जें थांबलें तेवढें उरलें. गतीचें चित्र घेण्यास किती प्रयत्न लागतात ह्या प्रश्नाला त्या काळचें उत्तर इतकेंच होतें, कीं कितीहि प्रयत्न केले तरी तें मिळणार नाहीं.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यानें ओल्या कांचेची रीत प्रसिद्ध केली, तेव्हां प्रकाश देण्याची वेळ कांहीं सेकंदांवर आली. पण श्रम कमी झाले नाहींत. कांचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि लागलीच अंधाऱ्या जागीं नेऊन धुवावयाचें. हें सारें दहा-पंधरा मिनिटांत उरकलें नाहीं तर कांच वायां गेली. रॉजर फेंटन हा १८५५ सालीं क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला तो एका दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी अंधारखोलीसारखी सजवून. तेथील कांहीं महिन्यांच्या मुक्कामांत त्यानें सुमारें ३६० चित्रें घेतलीं. त्यांत छावण्या आहेत, सेनापती आहेत, बंदरें आहेत. लढाई मात्र एकाहि कांचेवर नाहीं. आपल्या देशांतहि तोच अनुभव आला. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली होती, म्हणजे ह्या विद्येशीं आपला परिचय कांहीं उशिरां झाला असें नाहीं. तथापि १८५८ सालीं फेलीचे बेआतो लखनौस पोंचला तेव्हां त्याला घेतां आलीं तीं पडक्या भिंतींचीं व हाडांचीं चित्रें. सिकंदरबागेंतील कत्तल त्यापूर्वींच, नोव्हेंबर १८५७ मध्यें, होऊन गेली होती. चित्रांत दिसणारे सांगाडे चित्रासाठीं पुन्हा मांडण्यांत आले, असें अभ्यासकांचें मत आहे. घटना पकडतां येत नसली कीं तिच्यामागें उरलेलें सामान नीट रचून ठेवण्याचा मोह होतो, हा धडा ह्या कलेच्या पहिल्या वीस वर्षांतच मिळालेला आहे.

गतीला जाळ्यांत धरण्याचा पहिला खरा उद्योग एडवर्ड मायब्रिज ह्याचा. कॅलिफोर्नियांतील रेल्वेचा धनाढ्य मालक लीलंड स्टॅनफर्ड ह्याला घोड्यांचा षोक होता. धांवतांना घोड्याचे चारी पाय एकाच वेळीं जमिनीपासून सुटतात कीं नाहीं, हें त्याला जाणून घ्यावयाचें होतें. त्यानें ह्यासाठीं मोठी पैज लावली होती ही कथा लोकप्रिय आहे. पण तिला विश्वसनीय आधार नाहीं. मायब्रिजनें १८७२ पासून प्रयत्न चालविले होते. १८७७ सालीं त्यानें ऑक्सिडेंट ह्या घोड्याचें जें चित्र प्रसिद्ध केलें त्यावर कुंचला फिरविलेला असल्यामुळें वृत्तपत्रांनीं शंका घेतली. म्हणून जून १८७८ मध्यें पालो आल्टो येथें वार्ताहरांना समक्ष बोलावून प्रयोग झाला. धांवपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे २७ इंचांच्या अंतरानें मांडले होते. पट्टीवर आडवे दोरे ताणलेले होते. सॅली गार्डनर ही घोडी धांवत जाई तसतसा एकेक दोरा तुटे आणि त्या त्या कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. प्रत्येक चित्राला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनहि कमी वेळ मिळाला, असें मायब्रिजनें छापलें आहे. धांवतांना घोडीच्या खोगिराचा पट्टा तुटला आणि कांचा धुतांच तो तुटलेला पट्टा चित्रांत दिसला, तेव्हां पाहणारांची खात्री पटली, अशीहि हकीकत सांगतात. पुढें त्यानें कॅमेरे २४ केले. आणि पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठांत काम करून १८८७ सालीं ७८१ पत्रांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत लहानमोठीं मिळून सुमारें वीस हजार चित्रें आहेत.

ह्या प्रयोगाचें मर्म आम्हांस असें दिसतें: मायब्रिजनें क्षण निवडण्याचें काम स्वतःकडे ठेवलेंच नाहीं. तें त्यानें घोडीच्या छातीवर आणि ताणलेल्या दोऱ्यांवर सोंपविलें. बारांपैकीं कोणतें चित्र महत्त्वाचें हें नंतर ठरलें. चारी पाय सुटलेले असतात खरे, पण चित्रकार दाखवीत त्याप्रमाणें पुढेंमागें फांकलेले नव्हे, तर पोटाखालीं आंखडलेले असतात, ही गोष्ट त्या नंतरच्या निवडींतून जगाला कळली. जेरिको ह्यानें १८२१ सालीं रंगविलेल्या एप्समच्या शर्यतींतील घोडे त्या दिवसापासून खोटे ठरले. त्यावर शिल्पकार रोदँ ह्यानें जें उलट उत्तर दिलें तेंहि विसरण्याजोगें नाहीं. १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संवादांत त्याचें म्हणणें असें कीं खरा आहे तो जेरिको, आणि खोटें बोलतो तो कॅमेरा. कारण प्रत्यक्षांत काळ कधींच थांबत नाहीं. रोदँचें मत कोणास मान्य होवो वा न होवो, त्यानें दाखविलेली अडचण खरी आहे. तुटक क्षणांच्या राशींतून 'धांवणें' दाखविणारा क्षण कोणता, हें राशि स्वतः सांगत नाहीं.

ह्याच सुमारास कोरड्या कांचा प्रचारांत आल्या. १८७१ सालीं मॅडॉक्स ह्यानें जिलेटिनचा थर सुचविला आणि दहा वर्षांत ओल्या कांचेचा व्याप नाहींसा झाला. १८८२ सालीं मारे ह्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून उडत्या पक्ष्यांचीं सेकंदाला १२ चित्रें घेतलीं. १८८८ सालीं ईस्टमनचा कोडॅक आला तो पोटांत शंभर चित्रांची फिल्म घेऊनच. क्रीडेच्या चित्रांत ह्या सोयीचा पहिला मोठा लाभ जॉर्ज बेल्डम ह्या इंग्लिश क्रिकेटपटूनें घेतला. त्यानें व सी. बी. फ्राय ह्यानें १९०५ सालीं फलंदाजांवर जें पुस्तक काढलें त्यांत ६०० चित्रें आहेत आणि त्यांत आपल्या रणजीतसिंहजींचे फटकेहि आहेत. पाय पुढें टाकून चेंडूवर झेपावणारा व्हिक्टर ट्रंपर जगानें पाहिला तो बेल्डमच्याच कांचेवर. पण हीं चित्रें बहुतांशीं सामन्यांतलीं नव्हेत. खेळाडूला जवळ उभा करून, मुद्दाम फटके मारावयास लावून तीं घेतलेलीं आहेत. बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून खेळणारा असल्यामुळें फटका कोठें पूर्णत्वास जातो हें त्याला डोळ्यांपेक्षांहि मनगटाला अधिक ठाऊक होतें. त्याच्या चित्रांचें यश ह्या जाणतेपणांत आहे.

१९२५ सालीं लायका हा लहान कॅमेरा बाजारांत आला आणि एका फिल्मवर ३६ चित्रें घेण्याची रीत रुळली. ह्या ३६ आंकड्यानें छायाचित्रकारांची एक संबंध पिढी घडविली. हात राखून काम करावें इतका तो लहान, आणि एखादा डाव फसला तरी चालेल इतका मोठा. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा ह्या कॅमेऱ्याचा सर्वांत नामांकित उपासक. १९५२ सालच्या त्याच्या ग्रंथाचें इंग्रजी नांव 'निर्णायक क्षण' ह्या अर्थाचें पडलें, आणि तेव्हांपासून असा समज पसरला कीं थोर छायाचित्रकार हा एकदांच कळ दाबतो व कृतार्थ होऊन घरीं जातो. वस्तुतः त्याच्या उरलेल्या फिल्मच्या पट्ट्या पाहिल्या तर एकाच प्रसंगाभोंवतीं तो घिरट्या घालीत राहिल्याचें दिसतें. चित्र जमत आलें, बिघडलें, पुन्हा जमलें, ह्याचा आलेखच त्या पट्ट्यांवर आहे. मूळ फ्रेंच नांवाचा भाव तर निर्णायकपणाचा नसून घाईघाईनें, चोरट्या हातानें टिपलेल्या चित्रांचा आहे. आणि तोच सत्याला अधिक जवळचा.

परंतु संख्येपूर्वीं एक अट आहे, आणि ती म्हणजे त्या ठिकाणीं असणें. ३० जानेवारी १९४८ रोजीं कार्तिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटून परतला आणि थोड्याच वेळांत त्यांचा खून झाला. अंत्ययात्रेचीं त्यानें घेतलेलीं चित्रें जगभर गेलीं; त्या क्षणाचें चित्र त्याच्यापाशीं नाहीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला, वृत्तपत्रांसाठीं काम करणाऱ्या भारतांतील पहिल्या स्त्री छायाचित्रकार, त्याहि त्या दिवशीं बिर्ला भवनाकडे निघाल्या होत्या. पतीनें बोलावल्यामुळें त्या परतल्या. ती चुटपुट त्यांना जन्मभर राहिली, असें त्यांनीं पुढें मुलाखतींतून सांगितलें. हजार चित्रांची सोय असलेला कॅमेराहि जो मनुष्य तेथें नाहीं त्याच्या कामीं येत नाहीं.

आणि तेथें असूनहि जागा चुकीची असूं शकते. २५ मे १९६५ रोजीं अमेरिकेंतील लुइस्टन गांवीं महंमद अली व सनी लिस्टन ह्यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. पहिल्याच फेरींत लिस्टन पडला आणि अली त्याच्यावर ओरडत उभा राहिला. त्या प्रसंगाचें नील लायफर ह्या २२ वर्षांच्या तरुणानें घेतलेलें रंगीत चित्र क्रीडाचित्रणाचा आदर्श मानलें जातें. त्याच्या हातीं रोलायफ्लेक्स होता, ज्याच्या फिल्मवर १२ च चित्रें मावतात. आखाड्यावर टांगलेले विजेचे दिवे एकदां चमकल्यावर पुन्हा सज्ज होण्यास अवकाश लागे. म्हणून त्या क्षणाला एकच चित्र, दुसरें नाहीं. अलीच्या पायांमधून पलीकडे बसलेला दुसरा एक जाणता छायाचित्रकार चित्रांत दिसतो. त्याच्याहि हातीं कॅमेरा होता, पण त्याच्यासमोर आली ती अलीची पाठ.

ह्या वेळेपर्यंत यंत्रें मात्र वेगळ्या दिशेनें निघालीं होतीं. १९५९ च्या निकॉन एफला फिल्म आपोआप पुढें सरकविणारी मोटर जोडतां येई. तीन-चार चित्रें सेकंदाला ह्या हिशेबानें ३६ चित्रांची फिल्म दहा-बारा सेकंदांत संपे. पुढें फिल्म जाऊन अंकीय कॅमेरा आला, त्याबरोबर प्रत्येक चित्रामागचा खर्चहि जवळजवळ नाहींसा झाला. १२, १६, २० असे आंकडे चढत गेले आणि २०२३ सालीं सोनी कंपनीनें सेकंदाला १२० चित्रें घेणारा कॅमेरा जाहीर केला. मायब्रिजनें डझनभर कॅमेरे मांडून साधलें त्याच्या कित्येक पट आतां एका मुठींत मावतें. तेव्हां क्षण ओळखण्याचें कसब निकामी झालें काय?

थोडा हिशेब करून पाहूं. तासाला १४० किलोमीटर वेगानें टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारें ३९ मीटर जातो. सेकंदाला २० चित्रें घेणारा कॅमेरा लागोपाठच्या दोन चित्रांमध्यें त्या चेंडूला जवळजवळ दोन मीटर जाऊं देतो. चेंडू बॅटीला टेंकलेला असतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. म्हणजे डोळे मिटून कळ दाबून धरली तर चेंडू-बॅटीची गांठ सांपडण्याचा संभव ढोबळ मानानें पन्नासांत एक. आणि १२० चित्रांच्या कॅमेऱ्यानेंहि आठांत एक. दुसरी गोष्ट अशी कीं प्रत्येक चित्राला सेकंदाचा दोन हजारावा भाग मिळतो असें धरलें, तर २० चित्रांनीं त्या सेकंदाचा शंभरावा हिस्साच पाहिला. उरलेले नव्याण्णव हिस्से दोन चित्रांच्या फटींतून निसटून गेले. कॅमेऱ्याची धडधड ऐकणाराला वाटतें कीं आतां कांहींच सुटणार नाहीं. खरें पाहतां बहुतेक सारें सुटतच असतें. जाळें विणण्याचा वेग वाढला, तरी पाणी जाळ्यांत राहत नाहीं.

ह्याचें टोंकाचें उदाहरण स्कॉटलंडचें आहे. ॲलन मॅकफेड्यन ह्या छायाचित्रकाराचें, पाण्यांत चोंच शिरतांनाच्या खंड्या पक्ष्याचें चित्र २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. पाण्यावर एकहि शिंतोडा नाहीं आणि खालीं पक्ष्याचें तंतोतंत प्रतिबिंब, असा तो क्षण आहे. त्यासाठीं सहा वर्षें, सुमारें ४,२०० तास आणि ७,२०,००० चित्रें लागलीं, असें त्यानें सांगितलें. प्रत्येक चित्राला सेकंदाचा हजारावा भाग लागला असें समजूं. तर त्या सात लाख वीस हजार चित्रांनीं मिळून पाहिलेला काळ फक्त १२ मिनिटांचा होतो! सहा वर्षांच्या तपश्चर्येंत बारा मिनिटें पाहिलीं आणि त्यांतलें एक पळहि नव्हे असें कांहीं हातीं लागलें. ह्या माणसाला आळशी किंवा उधळ्या म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पक्षी कोणत्या फांदीवरून, कोणत्या प्रकाशांत, कोठें सूर मारतो हें त्याला ठाऊक नसतें, तर सात कोटी चित्रांनींहि तें साधलें नसतें. संख्या ही जाणतेपणाच्या जागीं येत नाहीं. ती जाणतेपणाच्या मागून येते.

येथवर यशस्वी चित्राचा विचार झाला. आतां टाकलेल्या चित्रांकडे वळूं, कारण इतिहासकाराचा खरा संबंध तेथेंच आहे. फेंटनच्या क्रिमियांतील चित्रांत तोफगोळे विखुरलेल्या एका ओसाड दरीचें चित्र प्रसिद्ध आहे. त्याच जागेवरून घेतलेली दुसरीहि एक कांच आहे. तींत रस्त्यावर गोळे नाहींत. आधीं कोणती? गोळे मुद्दाम रस्त्यावर मांडले, कीं होते ते कोणी उचलून नेले? दीडशें वर्षांनीं, २००७ सालीं, एरॉल मॉरिस ह्या अमेरिकन चित्रपटकारानें ह्याचा छडा लावला. उतारावरील लहान लहान दगड एका चित्रांत जरा खालीं घसरलेले आहेत. अर्थात् तें चित्र नंतरचें, आणि त्याच चित्रांत गोळे रस्त्यावर आहेत. दुसरी कांच फोडून टाकली असती, तर हा प्रश्न सुटणें दूरच, तो कोणास पडलाहि नसता.

दुसरें उदाहरण २३ फेब्रुवारी १९४५ चें. इवो जिमा बेटावरील सुरिबाची डोंगरावर अमेरिकन सैनिक दुसरा, मोठा झेंडा उभारीत होते. जो रोझेंथाल उंचवट्यासाठीं दगड रचण्यांत गुंतला होता. झेंडा वर जात असल्याचें ऐन वेळीं ध्यानांत येऊन त्यानें कॅमेरा फिरविला आणि कळ दाबली. मोठ्या फिल्मचा तो कॅमेरा. लागलीच दुसरें चित्र घेण्याची सोय नव्हती. नंतर त्यानें झेंड्याखालीं हात उंचावून उभ्या राहिलेल्या सैनिकांचेंहि एक चित्र घेतलें. फिल्म ग्वाम बेटावर धुतली गेली; कोणतें चित्र गाजलें हें त्याला ठाऊकच नव्हतें. चित्र मुद्दाम जुळवून घेतलें काय, असें कोणी विचारलें तेव्हां मागाहून घेतलेल्या चित्राबद्दल विचारीत आहेत असें समजून त्यानें होय म्हटलें. त्या एका शब्दानें बनावटीचा आरोप जन्मभर त्याच्या मागें लागला. त्याला सोडविलें तें त्याच्याशेजारीं उभें राहून सार्जंट जेनॉस्टनें घेतलेल्या चलच्चित्रानें आणि त्या दिवशींच्या इतर चित्रांनीं. इतकेंच नव्हे, तर झेंडा उभारणारांपैकीं दोघांचीं नांवें चुकीचीं सांगितलीं जात होतीं, तीं याच दुर्लक्षित चित्रांवरून २०१६ व २०१९ सालीं दुरुस्त झालीं. सत्तर वर्षें एका सैनिकाचा मान दुसऱ्याला मिळत होता. आणि न्याय दिला तो कोणी न छापलेल्या चित्रांनीं.

ह्यावरून आजच्या विपुलतेकडे पाहिलें म्हणजे मन थोडें साशंक होतें. फिल्मची पट्टी कंजूष होती, पण प्रामाणिक होती. फसलेलें चित्र चांगल्याच्या शेजारींच राही, आणि त्यांचा क्रम कोणास बदलतां येत नसे. आजचा छायाचित्रकार सामन्याच्या मध्यंतरांतच शेंकडों चित्रें चाळतो, दोन-चार ठेवतो आणि बाकीचीं पुसून टाकतो. त्याला दोष देऊन उपयोग नाहीं. इतकें सांठवावयाचें कोठें आणि पाहावयाचें कोणीं? परंतु परिणाम असा कीं पूर्वींपेक्षां शतपट चित्रें घेतलीं जाऊनहि, उरलेल्या एका चित्राच्या बाजूनें किंवा विरुद्ध साक्ष देणारे शेजारी पूर्वींपेक्षां कमी राहण्याचा संभव आहे. पंचानें फलंदाजाला बाद दिलें तें बरोबर कीं चूक, जमावांतील पोलिसानें काठी आधीं उगारली कीं दगड आधीं आला, अशा प्रश्नांचीं उत्तरें निवडलेल्या चित्रांत क्वचित् असतात. तीं बहुधा अलीकडच्या किंवा पलीकडच्या चित्रांत असतात.

म्हणून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांनीं, ग्रंथालयांनीं आणि स्वतः छायाचित्रकारांनींहि महत्त्वाच्या प्रसंगाचीं तरी सर्व चित्रें, घेतलीं त्या क्रमानें, जपून ठेवावीं, असें आम्हांस आग्रहानें सुचवावयाचें आहे. पेशव्यांच्या दप्तरांतील जो रुमाल कारकुनाला निरुपयोगी वाटला असेल त्यांतूनच पुढच्या संशोधकाला एखाद्या सालाचा उलगडा होतो, हें महाराष्ट्रांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. एक चांगलें चित्र मिळण्यास किती चित्रें घ्यावीं लागतात, ह्याचें उत्तर कॅमेऱ्यागणिक आणि हातागणिक बदलत आलें आहे. पण त्या एका चित्रावर विश्वास ठेवण्यास किती चित्रें लागतात ह्याचें उत्तर फारसें बदललेलें नाहीं: निदान एक अधिक, आणि तें टाकून दिलेलें असलें तरी चालेल.